प्लास्टिकच्या गवताला पाणी

१

या लिओनार्डला आजवर कोणी उल्लू बनवू शकलेलं नाही. बायको सोडून. मुलगाही सोडा, तो बायकोवर गेलाय. केबलवाला सोडा, दातांचा डॉक्टर सोडा, आणि पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, लॉटरीची तिकिटं विकणारा तो गॉगलवाला तर सोडाच. बाकी उरलो मी. मला मी स्वतःच उल्लू बनवतो, त्यासाठी बाहेरचा माणूस लागत नाही.

मी सातवीपर्यंत शिकलोय. म्हणजे सातवीत शिरलो आणि बाहेर पडलो तो थेट मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, प्लास्टिक मोल्डिंगच्या मशीनवर. बादल्या, टब, साबणाच्या डब्या, कंगवे. जन्म त्यातच गेला. तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर हसा, मला राग नाही. मी जन्मभर तुम्हा लोकांवर हसत आलोय. गावठाणातल्या निम्म्या नवरदेवांच्या बुटांत मी भिजवलेले चणे घातलेत. एक तर चर्चच्या दारापर्यंत लंगडत गेला, सासरा म्हणाला, पाय अधू आहे हे आधी का नाही सांगितलं.

आता दम उरला नाही. हे लिहितोय तेसुद्धा अंगणात पाणी घालून झाल्यावर. पाणी घातल्याशिवाय बसता येत नाही. का, ते सांगतो.

आमचं घर गावठाणाच्या टोकाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं ओटा, ओट्याला दोन पायऱ्या, खाली अंगण आणि अंगणात चुन्यानं रंगवलेला आमचा क्रूस. दर मे महिन्यात क्रुसाच्या सणाला सगळी आळी तिथं खाली गवतावर बसायची. प्रार्थना, गाणी, मग उकडलेले चणे आणि ज्याला जे हवं ते प्यायला. मग शेजारी टॉवर आला. आधी त्याची पार्किंगची भिंत आली, मग तो स्वतः वर वर जात राहिला. ऊन आता आमच्याकडे उतरत नाही. ते वर कुणाच्या तरी गॅलरीत बसतं आणि आमच्याकडे नुसतं बघतं.

गवत मेलं. राहिलं शेवाळ आणि चिखल.

मुलगा एल्रॉय बोरिवलीला राहतो. तो आला, घसरला, पँट झटकत म्हणाला, "डॅडी, बस झालं यार. भिंतींना ओल चढलीय. बिल्डर फ्लॅट देतोय, लिफ्ट आहे, मम्मीचे गुडघे बघा. सही करून टाका."

घर बायकोच्या, पर्पेच्युआच्या नावावर. सही तिची. ती ओट्यावर खुर्चीत बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला साखर आडवी येते. अंगणाकडे तोंड करून म्हणाली, "क्रुसाच्या सणापर्यंत या अंगणात गवत आलं तर मी इथंच मरणार. नाही आलं तर पेन आण."

मला विचारलं कुणी? मला त्या फ्लॅटमध्ये जायचं नव्हतं. तिथं दारं बंद असतात. गंमत कुणाची करायची, लिफ्टची?

२

मी कामाला लागलो. नर्सरीवाला म्हणाला, साधं लॉन सावलीत येत नाही, हे रुंद पात्याचं न्या. माती उकरा, वाळू मिसळा, पाणी बेतानं, वर चालायचं नाही, आणि आखूड कापायचं नाही, सावलीत पात्यालाच पोट भरायचं असतं. मी सगळं केलं. गवत आलंही. पण कसं? तापातून उठलेल्या पोरासारखं, लांबुडकं, पांढुरकं. चार दिवस उभं राहिलं आणि एका बाजूला निजलं ते निजलंच.

मग मी आरसे लावले. जुन्या कपाटाचे दोन, धाकूच्या पोराच्या सलूनमधला एक. धाकू म्हणजे माझा दोस्त, शेजारच्या मशीनवर होता, आता शेजारच्या घरात आहे. वरचं ऊन पकडून खाली फेकायचं, अशी आयडिया. ऊन पकडलं, पण ते गेलं टॉवरच्या वॉचमनच्या डोळ्यात. तो शिव्या देत आला.

"लेनार्ड, तू सूर्याशी मस्ती करू नको," धाकू म्हणाला. "त्याला तुझी सवय नाही."

सण जवळ आला. अंगण तसंच. आणि मग मला माझ्या लायकीची आयडिया सुचली. साकीनाक्याच्या बाजूला एका दुकानात हिरव्या गुंडाळ्या उभ्या होत्या. प्लास्टिकचं लॉन. ऑफिसात घालतात, लग्नाच्या स्टेजवर घालतात. बायकोला नीट दिसत नाही, गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरता येत नाहीत. ओट्यावरून हिरवं दिसलं की झालं. एल्रॉय काय, तो मोबाइलमधून मान वर काढतो कधी?

मी आणि धाकूनं दुपारी ती झोपलेली असताना गुंडाळी उलगडली. क्रुसाच्या चौथऱ्यापासून पायरीपर्यंत. कडा खिळ्यांनी ठोकल्या, उरलेला तुकडा माळ्यावर टाकला. धाकू हसून हसून खाली बसला.

पर्पेच्युआ उठून ओट्यावर आली. खूप वेळ बघत राहिली. नाक जरा वर केलं, तेवढंच.

"आलं की रे," ती म्हणाली.

"मग! लिओनार्डनं हात लावलाय."

"पाणी घालत जा हो. नाही तर जाईल."

३

आता बघा, खोटं बोलणं सोपं असतं, नंतर त्याची देखभाल करावी लागते. ती ओट्यावर बसलेली आणि मी रोज सकाळी झारी घेऊन प्लास्टिकच्या गवताला पाणी घालतोय. कंबर धरलेली. आयुष्यभर प्लास्टिक बनवलं, म्हातारपणी त्याला पाणी पाजतोय. धाकू फाटकावर उभा राहून म्हणायचा, "खत पण घाल. जुन्या बादल्या कापून घाल."

गुंडाळीला खालून भोकं असतात, पाणी मातीत जावं म्हणून. तेव्हा पाणी घातल्यावर आवाज यायचा तो बरोबरच होता. बशीतून चहा ओढल्यासारखा, बारीक, सुर्र. मी म्हटलं, माती पितेय. कोरडी माती तसा आवाज करते. करते ना?

फक्त तो आवाज झारी संपल्यावरही जरा वेळ चालायचा. जसा कुणी बशी चाटतंय.

मग एका सकाळी पर्पेच्युआ म्हणाली, "वाढलंय रे. जरा कापून घे."

मी पोट धरून हसलो. मनात. मोतीबिंदूला काय, सगळंच वाढलेलं दिसतं. झारी घेऊन खाली उतरलो आणि खालच्या पायरीवर पाय दिला, तर पायरीची कड दिसेना. कडेवर मी स्वतः पिवळा पट्टा मारला होता, तिला पायरी कळावी म्हणून. पट्टा हिरव्यात बुडाला होता.

४

मी प्लास्टिकवाला माणूस आहे. प्लास्टिक आकसतं, पिवळं पडतं, उन्हात तडकतं. वाढत नाही. एवढी एकच गोष्ट या जगात मला पक्की माहीत आहे.

म्हणजे माणसाचं काम. दुकानात आखूड आणि लांब दोन्ही पात्यांच्या गुंडाळ्या होत्या. कुणीतरी आखूड काढून लांब घातली. कोण? एल्रॉय. माझ्याच रक्ताचा, एवढं तरी जमायला हवं. मला इतका अभिमान वाटला की फोन लावला.

"शाब्बास," मी म्हटलं. "झकास केलंस."

"काय केलं? डॅडी, मी मीटिंगमध्ये आहे."

त्याचा आवाज खरा होता. मी खोट्या आवाजांचा जाणकार आहे. मग धाकूला धरलं. त्यानं आईची शपथ घेतली, आणि त्याची आई अजून जिवंत आहे, म्हणजे शपथ भारी. वर तो म्हणाला, "मला तुझ्या अंगणात बोलावू नको. मी फाटकाशीच बरा."

"का रे, घाबरलास?"

"गवत उजेडाकडे झुकतं ना? उजेड इथं गल्लीतून येतो, फाटकाकडून. हे बघ कुठं झुकलंय."

सगळी पाती घराकडे वळली होती. ओट्याकडे. पर्पेच्युआच्या खुर्चीकडे. वारा असेल म्हटलं. पाती हलत नव्हती, पण वारा असून गेला असेल.

मी घरातली मोठी कात्री आणली आणि कापलं. कापताना काही वाटलं नाही, फक्त वास आला. शेंडे मी सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. प्लास्टिक सुक्यात, भाजीची देठं ओल्यात, एवढं मला कळतं. दुसऱ्या दिवशी गाडीवरच्या बाईनं डबा परत आणून दारात आपटला.

"अंकल, शिकलेले दिसता आणि ओला कचरा सुक्यात टाकता?"

मला शिकलेला म्हणणारी जन्मात ती पहिली. पण मला हसू आलं नाही. डब्याच्या तळाशी हिरवं पाणी सुटलं होतं, आणि वर चिलटं बसली होती.

५

कारखान्यात माल कुठला ते ओळखायचं असलं की आम्ही तुकडा पेटवायचो. निळी ज्योत, टोकाला पिवळी, थेंब गळतो आणि विझवल्यावर मेणबत्तीचा वास येतो, तर ते पॉलिथिन. कागद वाचता येत नसला तरी हे चुकत नाही.

मी माळ्यावरून उरलेला तुकडा काढला. त्यातलं एक पातं उपटून स्वयंपाकघरात गॅसवर धरलं. निळी ज्योत. थेंब. मेणबत्ती. माझा जीव भांड्यात पडला. आपलं जुनं, ओळखीचं प्लास्टिक, त्याला मिठी मारावीशी वाटली.

मग अंगणातून एक पातं आणलं. ते सहज तुटेना, बोटाभोवती गुंडाळून ओढावं लागलं. ज्योतीवर धरलं तर ते पेटलंच नाही. चुरचुरलं. वळलं. टोकाला फेसाचा बुडबुडा आला आणि पांढरा धूर निघाला, शेतात राब जाळतात तसा. लहानपणी आमचीही भातशेती होती मरोळला, आता तिथं कुरिअरची गोदामं आहेत. तोच धूर. डोळ्यांत पाणी आलं.

"लिओ," आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "शेत कोण जाळतंय रे?"

६

मी ठरवलं, पाणी बंद. जे काय आहे ते वाळून जाऊ दे. आणि खरं सांगू? झारी उचलायची ताकद नव्हती. एक दिवस मेला माणूस झोपू शकत नाही का?

पर्पेच्युआनं दोनदा विचारलं, पाणी घातलंस का. दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

दुपारी जेवून आम्ही आडवे झालो. ती तिच्या पलंगावर, मी खाली चटईवर, कंबरेला जमीन बरी पडते म्हणून. पंखा फिरत होता. टॉवरची सावली खिडकीतून आत आली होती. जमिनीला कान लागला होता माझा, आणि मला तो आवाज आला.

सुर्र.

ओल असेल. जुनी जमीन, खालून ओल चढते, एल्रॉय म्हणतोच. ओल आवाज करते का? करत असेल, मी कुठं शिकलोय. मी कान उचलला, पुन्हा टेकवला. आवाज पलंगाखालून येत होता, तिच्या बाजूनं, आणि मधे मधे थांबत होता. श्वास घ्यायला थांबावं तसा.

मी उठलो. घसा कोरडा पडला होता. स्वयंपाकघरात माठात पेला बुडवला, तो तळाला आपटला. माठ सकाळी मीच भरला होता. घरातल्या वेदीवरच्या फुलदाणीतली फुलं मान टाकून होती, आत थेंब नाही. दारामागं पवित्र पाण्याची चिमुकली वाटी टांगलेली असते आमच्यात, येता जाता बोट बुडवतो. मी बोट घातलं. वाटी कोरडी, आणि आतून घासून पुसल्यासारखी स्वच्छ.

पर्पेच्युआ प्यायली असेल सगळं, मी म्हटलं. साखरेच्या माणसाला तहान लागते. बरोबर आहे. फुलदाणीतलं पण प्यायली असेल.

मी खोलीत परत गेलो. ती झोपली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, चिरा पडलेल्या, आणि पलंगाखालून आवाज अजून येतच होता, सावकाश, कुणालाच घाई नसल्यासारखा.

मी धावलो. या वयात, या कमरेनं. नळ सोडला, बादली भरली आणि अंगणात ओतली, परत भरली, परत ओतली. फाटकावर धाकू होता. मी परत आलो तेव्हा पर्पेच्युआ उठून बसली होती, ओठ जिभेनं ओले करत.

"अशी तहान लागली होती रे," ती म्हणाली. "आता बरं वाटतंय."

तेव्हापासून मी एकही दिवस चुकवलेला नाही.

७

क्रुसाचा सण आला. संध्याकाळी आळी जमणार, त्याच्या आत हे सगळं उपटून टाकायचं, असं मी ठरवलं. बायकोची शर्त मोडली तर मोडली. फ्लॅट तर फ्लॅट. लिफ्टची गंमत करीन.

सकाळी बायको चणे निवडायला आत बसली तेव्हा मी पहार घेऊन क्रुसाजवळच्या कोपऱ्यात गेलो. खिळे निघाले. कोपरा निघेना. पाठीवर झोपलेल्या माणसाचा हात उचलावा तसा तो जड होता. पहार घातली, जोर लावला, आणि थोडासा उचलला गेला.

खालची माती कोरडी होती. भुकटी. इतक्या झाऱ्या, इतक्या बादल्या, आणि माती पीठ झालेली. गुंडाळीच्या भोकाभोकांतून पांढरे धागे आले होते, ओले, म्हाताऱ्या बाईच्या केसांसारखे. एकही खाली मातीत गेला नव्हता. सगळे आडवे, सगळे घराकडे. पुढं जाऊन एकत्र झाले होते, वेणी घातल्यासारखे, मनगटाएवढी जाड वेणी, आणि ती पायरीखाली गेली होती.

पाय लागून बाजूची झारी कलंडली वाटतं. पाणी धाग्यांवर गेलं. आणि मी पाहिलं, वेणीत एक फुगवटा आला आणि पुढं सरकला. गळ्यातून घोट उतरतो तसा. पायरीखाली गेला. आत स्वयंपाकघरात पर्पेच्युआनं समाधानानं ढेकर दिली.

मी कोपरा खाली ठेवला. हातानं थोपटला. खिळे परत ठोकले, हळू, दुखू नये असे. कुणाला दुखू नये, ते मला विचारू नका.

दुपारनंतर एल्रॉय आला. हातात फाइल. अंगणात उभा राहिला आणि तोंड उघडं पडलं त्याचं.

"मम्मी, मानलं तुला," तो म्हणाला. "शर्त म्हणजे शर्त. बिल्डरला मी नाही म्हणून सांगतो."

"एल्रॉय, थांब," मी म्हटलं. "सही करून टाकू. आजच. हे खोटं आहे. प्लास्टिक आहे, मी आणलंय."

त्यानं वाकून एक पातं तोडलं, चुरगळलं, नाकाला लावलं. हात माझ्यासमोर धरला. बोटं हिरवी झाली होती.

"डॅडी, सणाच्या दिवशी तरी नको ना. प्लीज." आणि हसत हसत खुर्च्या आणायला धाकूकडे गेला.

बघा, हे बक्षीस. जन्मभर खोटं बोललो तेव्हा आळीनं खरं मानलं.

मी ओट्यावर चढलो. पर्पेच्युआ खुर्चीत होती, नवं लुगडं, केसांत फूल. चपला काढून ठेवलेल्या. पाय खालच्या पायरीकडे सोडले होते, आणि हिरवं पायरी चढून तिच्या टाचांना लागलं होतं. गुडघे दुखत नाहीत म्हणत होती दोन दिवस. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. इतका थकलो होतो की डोकं तिच्या खुर्चीला टेकवलं.

"पर्पे, ऐक. गंमत नाही. आपण इथून जाऊ. मी तुला फसवलं. ते गवत प्लास्टिकचं आहे."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या दिवशीच कळलं. डोळे गेलेत रे, नाक नाही गेलं. सगळी हयात तुझे शर्ट धुतलेत मी, प्लास्टिकचा वास मला तू शिकवणार? म्हटलं, म्हातारा एवढी मेहनत करतोय माझ्यासाठी, करू दे." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला आणि गार होता. "नंतर तो वास गेला. तेही कळलं."

गल्लीतून लोक यायला लागले होते. कुणाच्या तरी पोरानं गाणं आधीच सुरू केलं होतं. अंगणात पाती हलली, वारा नव्हता.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" मी म्हटलं. "मी रोज पाणी घालत होतो, तू बघत होतीस, आणि गप्प?"

"तू मला का विचारतोस?" ती म्हणाली. "ते प्लास्टिक आहे हे तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मग तू एवढे दिवस पाणी पाजत होतास ते कुणाला, लिओ?"